परगांवचें काम आणि शरीराचें आरोग्य

मनुष्याच्या आरोग्याचा विचार निघाला म्हणजे अन्न, पाणी, हवा आणि स्वच्छता या चार गोष्टी आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभ्या राहतात, आणि तें योग्यच आहे. शाळेंतील आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांतहि याच गोष्टींस पहिला मान दिलेला असतो. परंतु मनुष्य आपल्या जागेपणींच्या वेळाचा मोठा हिस्सा ज्या एका गोष्टींत घालवितो, त्या पोटाच्या उद्योगाकडे आरोग्याच्या दृष्टीनें पाहण्याची संवय आपणांस फारशी लागलेली नाहीं. त्यांतून तो उद्योग स्वतःच्या गांवीं नसून परमुलखांत असला, तर त्याचा शरीरावर घडणारा परिणाम अधिकच डोळ्यांआड होतो. तो परिणाम कोणत्या मार्गानें घडतो आणि त्याला आळा कसा घालतां येईल, हें आपल्याच मुलखांतील एका उदाहरणावरून विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इटली देशांत बर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) या नांवाचा एक विद्वान् वैद्य होऊन गेला. तो मोडेना शहरीं राहत असतां एक मजूर त्याच्या घरचा शौचकूप उपसण्यास आला होता. तो मजूर अतिशय घाईनें काम करीत आहे असें पाहून रामाझ्झिनीनें त्यास त्याचें कारण विचारलें. तेव्हां मजूर म्हणाला कीं, या जागीं फार वेळ राहिल्यास डोळे जातात, म्हणून ही घाई. वैद्यानें त्याचे डोळे तपासून पाहिले, तों ते लाल व मंद झालेले आढळले. या साध्या प्रसंगानें त्याच्या विचारास चालना मिळाली. तो कुंभार, सोनार, विणकर, धोबी, खाणकामगार अशा नाना प्रकारच्या कष्टकऱ्यांकडे स्वतः गेला, त्यांचीं कामें पाहिलीं, आणि १७०० सालीं कामकऱ्यांच्या रोगांविषयीं त्यानें लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथांत त्यानें वैद्यांस असा उपदेश केला आहे कीं, रोग्यास जे प्रश्न विचारण्याची प्राचीन ग्रीक वैद्यांपासून चाल आहे, त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी; तो प्रश्न म्हणजे, "तूं कोणता धंदा करतोस?"

आज तीनशें वर्षांनंतरहि हा प्रश्न तितकाच मोलाचा आहे. परंतु जो मनुष्य घर सोडून दूरच्या मुलखीं कामाला जातो, त्याच्या बाबतींत हा एकच प्रश्न पुरत नाहीं. आणखी दोन प्रश्न त्याच्या जोडीला हवेत: "तूं कोठून आलास?" आणि "एक दिवस दुखण्यानें पडलास, तर त्या दिवसाची मजुरी कोण देतो?" या तीन प्रश्नांचीं उत्तरें एकत्र मांडलीं म्हणजे परगांवच्या कामकऱ्याचें दुखणें कोठें उगम पावतें, तें स्पष्ट दिसूं लागतें. आपण ऊंसतोड मजुरांचें उदाहरण घेऊं.

सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेंत पडलेल्या बीड जिल्ह्यांत व त्याच्या आसपासच्या भागांत पाऊस थोडा आणि बेभरंवशाचा असतो. दिवाळीच्या सुमारास तेथील हजारों कुटुंबें बिऱ्हाड पाठीवर घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, सोलापूर इत्यादि जिल्ह्यांत, तशींच कर्नाटकांतहि, साखर कारखान्यांच्या ऊंसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. नवरा आणि बायको मिळून एक जोडी कामाला लागते. त्या जोडीला 'कोयता' असें म्हणतात. दोन जितीं माणसें एका हत्याराच्या नांवानें मोजलीं जावीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आतां पहिला प्रश्न: काम कोणतें? पहांटेस फडांत उतरावयाचें, ऊंस बुडख्याशीं तोडावयाचा, त्याचें पाचट सोलावयाचें, शेंड्याचें वाढें छाटावयाचें, मोळ्या बांधावयाच्या, आणि त्या डोक्यावर घेऊन गाडींत भरावयाच्या. एकेक मोळी तीस-चाळीस किलो वजनाची असते. आणि मालमोटार भरावयाची असली म्हणजे ती डोक्यावर घेऊन उभ्या लावलेल्या फळीवरून वर चढावें लागतें. यामुळें मान, कंबर आणि गुडघे यांवर रोजचा रोज भार पडतो. पाचटाच्या धारेनें हात कापतात. पायाला कोयता लागतो. ऊंसांत सापाची भीति असतेच. शिवाय तोडलेला ऊंस पडून राहिला तर त्यांतील साखर हळूहळू कमी होऊं लागते, म्हणून तो शक्य तितक्या लवकर, साधारणपणें एका दिवसाच्या आंत, गाळला जावा अशी कारखान्याची निकड असते. या एका रासायनिक कारणामुळें मजुराच्या झोंपेला ठराविक वेळ उरत नाहीं. गाडी मध्यरात्रीं आली तरी ती तेव्हांच भरून द्यावी लागते. साखर टिकविण्यासाठीं झोंप मोडावी लागते, असा हा व्यवहार आहे.

फेब्रुवारी-मार्च उजाडला म्हणजे त्यांत उन्हाची भर पडते. जड काम करणाऱ्या मनुष्याच्या अंगांतून उन्हांत तासाला एक लिटरपर्यंत, प्रसंगीं त्याहूनहि अधिक, घाम जातो. तितकें पाणी पोटांत गेलें नाहीं तर रक्त घट्ट होतें, आणि तें गाळण्याचें काम करणाऱ्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. मध्य अमेरिकेंतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील सखल भागांत ऊंस तोडणाऱ्या तरुण पुरुषांचीं मूत्रपिंडें निकामी होतात, असें तेथील डॉक्टरांस आढळून आलें. एल साल्वादोरमधील डॉक्टरांनीं २००२ सालीं ही गोष्ट जगापुढें मांडली. या रोग्यांस मधुमेह नव्हता, रक्तदाबाचा जुना विकारहि नव्हता. या रोगाचीं सर्व कारणें अद्याप निश्चित झालेलीं नाहींत. तथापि कडक उन्हांतील अतिश्रम आणि पाण्याची तूट हीं त्यांपैकीं प्रमुख असावींत, असें पुष्कळ संशोधकांचें मत आहे. तेथील सर्वच तोडणीवाले परगांवचे नसतात. परंतु काम तेंच, ऊन तेंच आणि वजनावर मिळणारी मजुरीहि तीच, म्हणून हें उदाहरण आपल्यालाहि सावध करणारें आहे.

दुसरा प्रश्न: कोठून आलास? हा प्रश्न वरवर पाहतां वैद्यकाशीं संबंध नसलेला वाटतो. पण तसें नाहीं. परगांवच्या मजुराचें घर म्हणजे रानांत उभी केलेली कोपी. तिला दार नसतें, जवळ शौचाची सोय नसते, आणि पाणी शेतांतल्या विहिरीचें किंवा पाटाचें जें मिळेल तें. गांवच्या आरोग्यसेविकेच्या वहींत त्याचें नांव असतें, पण तो तेथें नसतो; आणि जेथें तो असतो, तेथल्या वहींत त्याचें नांव नसतें. त्यामुळें गरोदर स्त्रीची तपासणी चुकते, तान्ह्या मुलाची लस चुकते, क्षयासारख्या रोगाचें चालूं असलेलें औषध मध्येंच तुटतें. औषध तुटलें म्हणजे रोग नुसता परत येतो इतकेंच नव्हे, तर कधीं कधीं त्याच औषधाला तो दाद देईनासा होतो.

यांत एक भ्रमहि दडलेला आहे, तो येथें उलगडून सांगितला पाहिजे. परगांवाहून आलेले मजूर दिसण्यांत धडधाकट असतात. त्यावरून "या लोकांना कष्टांची संवयच असते, त्यांना कांहीं होत नाहीं," असें बोलणारे पुष्कळ भेटतात. परंतु हें धडधाकट दिसणें म्हणजे दोन चाळण्यांतून गाळून राहिलेलें धान्य होय. पहिली चाळणी गांवांत लागते: जो अशक्त आहे, म्हातारा आहे, तो मुळीं निघतच नाहीं. दुसरी चाळणी कामाच्या ठिकाणीं लागते: जो आजारी पडतो, तो तेथें राहत नाहीं, गांवीं परततो. मधें उरतात ते सशक्तच. म्हणून कामाच्या ठिकाणचा हिशेब पाहिला तर रोगी थोडे दिसतात. खरा हिशेब पाहावयाचा असेल, तर गांवीं जाऊन पाहिला पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खाणींचा इतिहास याची साक्ष देतो. त्या खाणींत बासुटोलँड (आजचें लेसोथो), मोझांबिक आणि ट्रान्सकाय अशा दूरदूरच्या प्रदेशांतून तरुण पुरुष करारानें आणले जात. कामावर घेतांना त्यांची वैद्यकीय तपासणी होई, आणि जे सुदृढ ठरत तेच खाणींत उतरत. खडक फोडतांना उडणारी सूक्ष्म धूळ छातींत सांचून फुप्फुसें दगडासारखीं कठीण होतात, आणि अशा फुप्फुसांत क्षयाला सहज शिरकाव मिळतो. हा विकार बहुधा पुष्कळ वर्षांनीं उघड होतो. आणि तोंवर तो पुरुष करार संपून आपल्या गांवीं पोंचलेला असे. कंपनीच्या दप्तरांत तो निरोगी म्हणूनच नोंदलेला राही. खोकला मात्र त्याच्या झोंपडींत घुमे, आणि क्षय बायकामुलांपर्यंत पोंचे. अशा खाणकामगारांनीं चालविलेल्या दाव्यांत खाणमालकांशीं २०१८ सालीं तडजोड होऊन त्यांस नुकसानभरपाई देण्याचें ठरलें, आणि २०१९ सालीं न्यायालयानें तीस मान्यता दिली. तोंपर्यंत कित्येक जण हें जग सोडून गेले होते.

आपल्या मुंबईची कथाहि याहून फार निराळी नाहीं. कापडाच्या गिरण्यांत कोंकणांतून आणि घाटावरून गेलेला कामगार जोंवर अंगांत बळ आहे तोंवर सांच्यावर उभा राही. छाती भरून येऊं लागली म्हणजे बोटीनें किंवा आगगाडीनें गांवची वाट धरी. १९२९ सालीं हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमलेल्या रॉयल कमिशननें १९३१ च्या आपल्या अहवालांत, आजारांत व अडचणींत गांव हाच मजुराचा एक प्रकारचा विमा आहे, अशा अर्थाचें मत नमूद केलें आहे. तें खरेंच होतें. पण या विम्याचा हप्ता कोण भरीत होतें? गांवांतील म्हातारी आई, घरीं राहिलेली बायको आणि शाळा सोडून गुरांमागें गेलेला मुलगा! बळ गिरणीला आणि दुखणें गांवाला, अशी ही वांटणी होती. गिरण्या आज बहुतेक बंद पडल्या आहेत. वांटणी मात्र दुसऱ्या उद्योगांत तशीच चालूं आहे.

आतां तिसरा प्रश्न, आणि आमच्या मतें हाच सर्वांत महत्त्वाचा: एक दिवस पडून राहिलास, तर मजुरी कोण देतो? ऊंसतोडीच्या धंद्यांत याचें उत्तर 'कोणीहि नाहीं' इतकेंच नाहीं. उलट मजुरालाच भरपाई द्यावी लागते. हंगामाच्या आधीं मुकादम प्रत्येक कोयत्याला कांहीं रक्कम आगाऊ देतो. तीस 'उचल' म्हणतात. ती पन्नास हजारांपासून लाखाच्याहि वर असते. पावसाळ्यांतील पोटापाण्याला, लग्नाला किंवा औषधाला ती खर्च होऊन जाते, आणि मग टनावारी मजुरीनें हंगामभर ती फेडावयाची. ज्या दिवशीं कामावर जाणें झालें नाहीं, त्या दिवशीं 'खाडा' पडतो, आणि त्याबद्दल पांचशें रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम हिशेबांत कापली जाते. फेड पुरी झाली नाहीं तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. याचा अर्थ असा कीं, या मजुराचें शरीर हंगाम सुरूं होण्यापूर्वींच गहाण पडलेलें असतें, आणि गहाण पडलेल्या शरीराला आजारी पडण्याची मोकळीक नसते.

या अटीचा सर्वांत कठोर आघात स्त्रियांवर झाला. मासिक पाळीच्या दिवसांत मोळ्या वाहावयाच्या, स्वच्छतेला पाणी नाहीं, आडोसा नाहीं. त्यांतून अंगावरून जाणें, ओटीपोट दुखणें असे विकार जडतात. त्यांवर वेळींच औषधोपचार केल्यास ते बहुधा बरे होतात. परंतु उपचारांस दिवस लागतात, आणि दिवस म्हणजे खाडा. म्हणून पुष्कळ स्त्रिया दुखणें अंगावर काढून हंगाम संपविण्याची वाट पाहत. मग गांवीं परतल्यावर कांहीं खासगी दवाखान्यांत त्यांस कर्करोगाची भीति दाखविण्यांत येई, आणि 'पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटेल' असा सल्ला मिळे. ही गोष्ट २०१९ सालीं वृत्तपत्रांतून उजेडांत आली, आणि महाराष्ट्र सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमली. बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हां त्यांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे दर शंभरांत सुमारें सतरा! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वर्षें वयाच्या स्त्रियांत हेंच प्रमाण सबंध देशांत शंभरांत तीनच्या आसपास होतें. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नव्हे, तरी इतकें अंतर केवळ पद्धतीच्या फरकानें पडत नाहीं.

अवेळीं केलेल्या या शस्त्रक्रियेनें 'कटकट' मिटत नाहीं. तरुण वयांत गर्भाशय काढल्यास, विशेषतः त्याबरोबर बीजकोशहि काढले असल्यास, पाळी जाण्याच्या वयांतील त्रास अकालीं सुरूं होतात, हाडें ठिसूळ होऊं लागतात, कंबर धरते. शस्त्रक्रियेला पैसा लागतो, म्हणून नवी उचल. उचल फेडावयाची, म्हणून अंग भरून येण्यापूर्वींच पुनः फडांत! दुखण्यांतून कर्ज, कर्जांतून काम आणि कामांतून दुखणें, असें हें रहाट आहे. येथें कोणी केवळ डॉक्टरांस दोष देईल, कोणी केवळ त्या स्त्रियांच्या अज्ञानास. परंतु ज्या स्त्रीला आजाराचा एकेक दिवस दंड भरून विकत घ्यावा लागतो, तिनें कायमचा वाटणारा उपाय निवडला, तर तिला अज्ञानी म्हणण्यापूर्वीं आपण तिच्या हिशेबाची वही वाचली पाहिजे.

हें सर्व अटळ आहे काय? मुळींच नाहीं. निकाराग्वांतील एका साखर कारखान्यानें तोडणीवाल्यांस पुरेसें पाणी, ठराविक अंतरानें विश्रांती आणि बसावयास सावली देण्याची व्यवस्था सुरूं केली. ती जसजशी नीट पाळली गेली, तसतशी मूत्रपिंडांस होणारी इजा कमी होत गेल्याचें संशोधकांस आढळलें. पाणी, विसांवा आणि सावली! यांत कोणतेंहि महागडें यंत्र नाहीं. मात्र ज्याची मजुरी टनावर आहे, तो आपण होऊन सावलींत बसत नाहीं; म्हणून विसाव्याची वेळ कामाच्या वेळेंतच धरली गेली पाहिजे.

आपल्याकडेहि पावलें पडूं लागलीं आहेत. बीड जिल्ह्यांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम २०१९ सालीं घालण्यांत आला. ऊंसतोड कामगारांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें कल्याण महामंडळ स्थापन झालें आहे, आणि त्यांच्या मुलांकरितां संत भगवानबाबांच्या नांवानें सरकारी वसतिगृहांची योजना आहे. मूल वसतिगृहांत राहिलें म्हणजे त्याची शाळा सुटत नाहीं, आणि तें कोवळ्या वयांत फडांत उतरत नाहीं. तरी मुख्य उणीव राहतेच. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानें कारखान्यांतील कामगारास आजारपणांत औषधाबरोबर मजुरीचाहि कांहीं भाग मिळण्याची सोय केली. परंतु त्यांतून हंगामी कारखाने मुळांतच वगळले होते, आणि साखरेचा कारखाना हंगामी. शिवाय तोडणीवाला कारखान्याचा नोकर गणला जात नाहीं. तो मुकादमाचा माणूस. अशा रीतीनें ज्याच्या घामावर सबंध कारखाना चालतो, त्याच्या आजाराचा धनी कोणीच उरत नाहीं. ही जबाबदारी नेमकी कोणाची, हें जोंवर कागदावर स्पष्ट होत नाहीं, आणि दुखण्याच्या दिवसाचा खाडा जोंवर बंद होत नाहीं, तोंवर औषधाची पेटी फडापर्यंत पोंचूनहि तिचा उपयोग अर्धामुर्धाच होणार.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कोणी उद्यां डॉक्टर व्हाल, कोणी कारखान्याच्या कचेरींत बसाल, कोणी गांवचा कारभार पाहाल. तुमच्यापुढें परगांवचा रोगी येईल, तेव्हां वर सांगितलेले तीन प्रश्न त्याला अवश्य विचारा. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, शेतावर, घराच्या बांधकामावर किंवा दुकानांत परगांवचा माणूस कामाला लाविला असतां त्याला प्यावयास पाणी, बसावयास सावली आणि दुखण्याच्या दिवसाची मजुरी द्यावी. एवढें करण्यास कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. आपल्या घरीं रोज चहांत पडणारी साखर कोणाच्या तरी डोक्यावरून आलेली आहे. ज्या डोक्यानें ती मोळी वाहिली, तें घरीं परततांना निरोगी परतलें किंवा नाहीं, ही चौकशी करणें हा आपणां सर्वांच्या कर्तव्याचा भाग आहे.